जुन्या स्पोर्ट्स कारला वेगवेगळ्या मापाचे टायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणारी माणसं मोजकीच आहेत, पण आहेत. कुणाकडं आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड, कुणाकडं पद्मिनी, एखाद्याकडं ट्रायम्फ किंवा एमजी. माझ्याकडं काकांची १९६७ ची एमजीबी आहे. ही गाडी १९६२ ते १९८० इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनायची. दोन सीट, १७९८ सीसीचं इंजिन, मागं पाटे आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह. खालची बरीच उत्तरं याच गाडीखाली आडवं पडून शिकलेली आहेत, म्हणून उदाहरणं तिची येतील. हिशोब मात्र कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडतो.

साइज ‘मिसळणं’ म्हणजे नेमकं काय?

तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. एक, एकाच एक्सलवर डावीकडं एक माप आणि उजवीकडं दुसरं. दोन, पुढची जोडी एका मापाची आणि मागची दुसऱ्या. तीन, माप तेच पण जात वेगळी, म्हणजे काही रेडियल आणि काही नायलॉन. पहिलं कधीच करू नये. दुसरं क्वचित चालतं. तिसऱ्यात जिवाला धोका आहे आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी विचारलं जातं.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे? माझ्या गाडीच्या पुस्तकात ५.६०-१४ असं लिहिलंय.

५.६०-१४ हे जुनं माप. टायरची रुंदी ५.६० इंच आणि रिम १४ इंची. अ‍ॅम्बेसिडरचं ५.९०-१५ आणि पद्मिनीचं ५.२०-१४ याच पद्धतीचं. पुढं रेडियल आले तेव्हा १६५ आर १४ असं लिहू लागले. यात रुंदी मिलिमीटरमध्ये असते आणि साइडवॉलची, म्हणजे रिमपासून नक्षीपर्यंतच्या टायरच्या बाजूची, उंची लिहिलेलीच नसते. अशा मापात ती रुंदीच्या ८० टक्क्यांच्या आसपास धरायची.

आताच्या पद्धतीत १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिमी, साइडवॉल तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, आणि रिम १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी. दोन्हीकडच्या साइडवॉल मिळवल्या की टायरची पूर्ण उंची सुमारे ६२० मिमी येते. हा हिशोब एकदा स्वतः कागदावर करा. १८५/७० आर १४ ची उंची ६१५ मिमी भरते, १९५/६० आर १४ ची ५९०. नुसती रुंदी बघून टायर घेणाऱ्याच्या ध्यानात ही ३० मिमीची तफावत येतच नाही.

एकाच एक्सलवर दोन वेगळी मापं घातली तर काय बिघडतं? फरक तर थोडाच असतो.

शर्यतीच्या गाड्याला एक उंच आणि एक ठेंगणा बैल जुंपून बघा. जू तिरकं होतं आणि गाडा एका अंगाला ओढतो. टायरचंही तेच होतं.

मागच्या एक्सलवर डावीकडं १६५/८० आणि उजवीकडं १८५/७० घातला असं धरा. पहिला एका किलोमीटरला ५१४ फेरे घेतो, दुसरा ५१८. फरक चारच फेऱ्यांचा. पण बेळगावहून कोल्हापूरला जाईपर्यंत, साधारण ११० किलोमीटरमध्ये, एक चाक दुसऱ्यापेक्षा साडेचारशेच्या आसपास फेरे जास्त फिरतं. डिफरन्शियल म्हणजे वळणात मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी. सरळ रस्त्यावर तिच्या आतल्या छोट्या गिअरना जवळपास आराम असतो. इथं त्यांना वाटभर काम लागतं. ५९० मिमीचा टायर एका बाजूला घातलात तर हाच आकडा अडीच हजारांच्या पुढं जातो. पन्नास-साठ वर्षांचं डिफरन्शियल, वॉशर झिजलेले, तेल कधी बदललं ते कुणाला आठवत नाही. त्याच्यावर हा भार कशाला टाकायचा?

पुढच्या एक्सलवर हे केलं तर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. घाटात उतारावर हे नको.

दोन्ही टायर एकाच मापाचे आहेत, पण एक नवा आणि एक जुना. चालेल?

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. झिजून २ मिमी राहिली की टायरची उंची १२ मिमीनं कमी होते. म्हणजे वर एकच माप छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात ते दोन मापांचे टायर झाले, आणि हा फरक १६५/८० व १८५/७० मधल्या फरकाच्या दुपटीहून जास्त आहे. एक पंक्चर होऊन वाया गेला तर जोडीनं दोन घ्या. उरलेला चांगला टायर स्टेपनीला ठेवा.

मागं रुंद आणि पुढं अरुंद टाकावं असं खूप जण सांगतात. गाडी दिसतेही छान.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

वळणावर गाडीचा तोल पुढच्या आणि मागच्या चाकांच्या पकडीच्या प्रमाणावर ठरतो. मागची पकड वाढवली आणि पुढची तशीच ठेवली, तर वळणात पुढची चाकं आधी दमतात. स्टिअरिंग फिरवलेलं असतं, पण नाक सरळ बाहेरच्या कडेला जायला बघतं. याला अंडरस्टिअर म्हणतात. उलटं केलं, पुढं रुंद आणि मागं अरुंद, तर मागची बाजू आधी सुटते आणि गाडी स्वतःभोवती फिरायला बघते. ते ओव्हरस्टिअर. दोन्हींत दुसरं जास्त वाईट, कारण सावरायला वेळच मिळत नाही.

एमजीबीचं वजन पुढं-मागं जवळपास निम्मं-निम्मं आहे. कारखान्यानं चारही चाकांना एकच माप दिलं, स्प्रिंगा आणि पुढचा अँटीरोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणूनचा दांडा) त्या मापावर बसवले. त्या गाडीच्या चालीतला गोडवा म्हणजे ती ज्या सहजपणे वळणात शिरते तो. मागं रुंद टायर घातले की तोच गोडवा जातो.

गाडी माझ्या हातात आली तेव्हा तिला पुढं १६५ आणि मागं १८५/७० होते. काकांना कुणीतरी दुकानात सांगितलं होतं की मागं रुंद टाकले की गाडी रस्त्याला चिकटून चालते. पहिल्या पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं एका ओल्या वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी हात-दीड हात सरळच गेली. वेग चाळीसचा असेल. समोरून काही आलं नाही, गाडी कडेच्या लाल चिखलात थांबली. त्या आठवड्यात चारही टायर एका मापाचे घेतले. पुढं तेच वळण तशाच पावसात, त्याच वेगात कितीदा घेतलं, पण नाक पुन्हा तसं निसटलं नाही.

मग पोर्शेला मागं रुंद टायर कंपनीच कशी देते?

कारण त्या गाडीचं इंजिन मागच्या एक्सलच्याही पाठीमागं टांगलेलं असतं. वजन मागं असल्यामुळं मागची बाजू झोकायची प्रवृत्ती मुळातच असते आणि तिला आवर घालायला मागं जास्त रबर लागतं. १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ ला पुढं सहा इंची रिमवर १८५/७० आर १५ आणि मागं सात इंची रिमवर २१५/६० आर १५ दिलेले होते. रिम, स्प्रिंगा, मडगार्डचा फुगवटा, सगळं त्या हिशोबानं केलेलं. शिवाय पुढच्या-मागच्या टायरची उंची जवळपास सारखीच येते. आकडेमोड करून बघा.

थोडक्यात, तुमच्या गाडीच्या पुस्तकात पुढं-मागं वेगळी मापं छापलेली असतील तर तीच घाला. छापलेली नसतील तर पोर्शेचा दाखला तुमच्या गाडीला लागू नाही.

रेडियल आणि नायलॉन एकत्र चालतात का?

आपल्याकडं दुकानात ज्याला नायलॉन टायर म्हणतात तो क्रॉसप्लाय. आतले धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके असतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली पट्टा असतो. मिशेलिननं १९४६ मध्ये याचं पेटंट घेतलं. वळताना नायलॉन टायर जास्त तिरका सरकतो, तर रेडियल रस्त्याला धरून राहतो.

आता पुढं रेडियल आणि मागं नायलॉन घातले, तर पुढचं टोक घट्ट आणि मागचं सैल. मघाशी सांगितलेलं ओव्हरस्टिअर तुम्ही विकत घेतलं. ब्रिटनच्या नियमांत या जोडीला मनाईच आहे. एका एक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन हे तर त्याहून वाईट. अगदी नाइलाज झाला, गाडी गॅरेजपर्यंतच न्यायची आहे, तर रेडियलची जोडी मागं घाला आणि सावकाश जा. नेहमीसाठी मात्र चारही एका जातीचे हवेत, आणि स्टेपनीसुद्धा.

जुनी गाडी विकत घेताना हे तपासायचं राहून जातं. वाकून चारही साइडवॉल वाचा. ‘आर’ अक्षर मापात आहे का, इतकंच बघायचं.

मूळ मापाचे टायर बाहेरून मागवावे लागतात ना? म्हणून तर मिळेल ते घालतो.

हा गैरसमज फार पसरलाय, आणि तो दूर झाला तर निम्म्या गाड्यांचा प्रश्न सुटेल. एमजीबीचं रेडियल माप १६५ आर १४. मारुती स्विफ्टच्या साध्या मॉडेलना वर्षानुवर्षं १६५/८० आर १४ टायर येत होते. म्हणजे निपाणीच्या हायवेवरच्या दुकानातसुद्धा मिळणारा टायर! त्यावर बहुधा ८५टी लिहिलेलं असतं. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो भार चालतो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. एमजीबीचं अंग टनाच्या आसपास आणि तिचा नव्या वयातला कमाल वेग १६५ च्या आगेमागे. हवं ते सगळं त्या टायरमध्ये आहे.

हेराल्डवाल्यांचं आणि जुन्या ट्रायम्फ स्पिटफायरवाल्यांचंही तसंच. त्यांचं ५.२०-१३ माप रेडियलमध्ये १४५ आर १३ होतं, आणि पूर्वीच्या वॅगन-आरचा टायर १४५/८० आर १३. नक्षी जुन्या काळातली दिसत नाही, हे खरं. प्रदर्शनाला न्यायची गाडी असेल तर जुन्या नक्षीचे टायर परदेशातून मागवता येतात, त्यासाठी खिसा मोठा लागतो. रोज-आठवड्याला चालवायची असेल तर शेजारच्या दुकानातला ताजा टायर मला जास्त पटतो.

चारही चाकांना सारखेच, पण रुंद टायर घातले तर?

तोल बिघडत नाही, बाकीचं तपासा. रिमची रुंदी आधी. जुन्या एमजीबीचं वायर व्हील, म्हणजे सायकलसारखं स्पोकचं चाक, साडेचार इंची असतं. त्यावर १६५ नीट बसतो, १८५/७० कसाबसा, आणि १९५/६० ला तर साडेपाच इंची रिम पाहिजे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की साइडवॉल फुगते आणि वळणात टायर रिमवर डुलतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत खडे बाजारच्या गर्दीत वळवताना खांदे भरून येतात ते वेगळंच.

पावसाचाही विचार करा. हलक्या गाडीखाली रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण तेवढंच वजन जास्त जागेवर पसरतं. चोर्ला आणि आंबोलीच्या बाजूचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. उसाच्या हंगामात चिकोडी, रायबाग, संकेश्वरच्या रस्त्यांवर ट्रॉलीतून सांडलेली चोथ्याची आणि चिखलाची साय असते, तिथंही अरुंद टायर तिला कापत खाली पोचतो.

टायर कुठं घासतोय का, हे कसं ओळखायचं?

आवाजावर विसंबू नका. इंजिनच्या आवाजात तो ऐकू येत नाही. गाडी जॅकवर घ्या, चाक काढा आणि मडगार्डच्या आत बॅटरी मारा. माझ्या गाडीत डाव्या मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला चार बोटं लांबीचा पट्टा चकचकीत झाला होता, रंग उडून पत्रा उघडा. टायरच्या खांद्यावर तशीच गुळगुळीत कड, आणि बोट फिरवलं की काळी भुकटी हाताला लागायची. उजवीकडं मात्र काहीच नव्हतं. एमजीबीत मागचा एक्सल दोन्ही बाजूंना सारखं अंतर राखून असतोच असं नाही, त्यामुळं एका बाजूला जागा बघून निर्धास्त होऊ नका. मागं दोन माणसांचं वजन टाकून पाटे दबवा आणि परत बघा.

कुणी म्हणेल, बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर स्पेसर (चाकामागं घालायची चकती) करून घेऊ, चाक बाहेर येईल. आपल्याकडचं लेथचं काम उत्तम होतं यात शंका नाही. पण स्पेसरनं नटाला स्टडचे आटे कमी मिळतात आणि बेअरिंगवरचा भार बाहेर सरकतो. घासणाऱ्या टायरवर उपाय म्हणजे योग्य मापाचा टायर.

स्पीडोमीटर चुकीचा दाखवतो तो याच कारणानं?

असू शकतं. केबल गिअरबॉक्समधून येते, म्हणजे मीटर मागच्या चाकांचे फेरे मोजतो. ६२० च्या जागी ५९० मिमीचे टायर घातले तर मीटरवर ८० दिसताना खरा वेग ७६ असतो. मायलेज वाढलं असं वाटतं, ते खोटं. गाडी मागून दीड सेंटीमीटर खाली बसते आणि त्याच वेगाला इंजिन जवळपास पाच टक्के जास्त फिरतं.

स्टेपनी वेगळ्या मापाची असली तर?

दुकानापर्यंत जाण्यापुरती, सावकाश. मागच्या चाकाला पंक्चर झालं असेल आणि वाट लांब असेल, तर पुढचं एक चाक मागं आणि स्टेपनी पुढं, एवढा खटाटोप मी करतो. निदान डिफरन्शियल वाचतं.

वायर व्हीलला ट्यूबलेस टायर?

टायर ट्यूबलेस घ्या, आत ट्यूब घालाच. स्पोकच्या निपलमधून हवा जाते. ट्यूब त्याच मापाची आणि रेडियलची मागा. घालण्याआधी टायरच्या आतले कागदी स्टिकर सोलून काढायला सांगा आणि स्वतः हात फिरवून बघा. ते स्टिकर उन्हात तापून ट्यूबला घासतात. स्पोकच्या टोकांवरची रबरी पट्टी जुनी असेल तर तीही बदला.

नक्षी भरपूर आहे, मग टायर बदलायचे कशाला?

वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे टायर गोटा होत नाहीत, ते म्हातारे होतात. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, नक्षी कितीही छान असो, लगेच काढा. एका स्नेह्यांच्या हेराल्डची स्टेपनी अशीच निघाली. नक्षी नवीकोरी, नव्या टायरवर असतात ते केसांसारखे रबरी धागेसुद्धा शाबूत, आणि साइडवॉल अंगठ्यानं दाबली की सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा उघडायच्या. मी सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासतो आणि दहा वर्षांच्या पुढं ठेवत नाही.

हवा किती ठेवायची?

गाडीच्या पुस्तकातला आकडा सुरुवातीला धरा, पण तो कुठल्या टायरसाठी छापलाय ते बघा. नायलॉनचा आणि रेडियलचा वेगळा असतो. मागं दोन-तीन पौंड जास्त, हे बहुतेक जुन्या मागच्या ड्राइव्हच्या गाड्यांत दिसतं. हेराल्ड आणि सुरुवातीच्या स्पिटफायरचं मागचं सस्पेन्शन स्विंग अ‍ॅक्सलचं आहे. वळणात एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडायला बघतं, म्हणून त्यांनी मागच्या हवेत हयगय करू नये. पंपावरचा पोरगा कन्नडमध्ये ‘एष्टु गाळी?’ (किती हवा?) विचारतो, तेव्हा ‘नेहमीची’ म्हणू नका. तो आधुनिक गाडीच्या हिशोबानं चारही चाकांत तेहतीस मारून मोकळा होतो. पुढचा आणि मागचा आकडा वेगवेगळा सांगा, आणि हवा टायर थंड असताना भरा.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं मुळात दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. नक्षीची खोली कारला किमान १.६ मिमी लागते. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि तिला २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी करायची असेल, तर गाडी मूळ रूपात असणं ही अटच आहे. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशाच कामांना चालते. केए-२२ च्या साध्या नोंदणीवर चालवायची की विंटेज करायची, हे टायर घेण्याआधी ठरवा.

चार एकदम परवडत नाहीत. दोन घेतले तर पुढं घालू की मागं?

मागं. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचे घसरले तर ती फिरते. माप मात्र पुढच्या दोघांचंच घ्या, आणि जमलं तर कंपनी व नक्षीही तीच. उरलेले दोन पुढच्या पगाराला.

टायर बसवल्यावर काय बघायचं?

बॅलन्सिंग करून घ्या. वायर व्हील मशीनवर मधोमध बसवायला शंकूच्या आकाराचा वेगळा तुकडा लागतो. तो नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. नट पन्नास किलोमीटरनंतर परत आवळा, आणि कानांचा स्पिनर (चाकाच्या मधोमध असणारा एकच मोठा नट) असेल तर तांब्याच्या हातोड्यानंच ठोका, लोखंडाच्या नको.

मी नवे टायर घातले की सकाळी लवकर काकतीपर्यंत जाऊन येतो. परत आल्यावर अंगणात उतरून एकेका टायरच्या साइडवॉलला तळहात लावतो. चारही सारखेच कोमट लागले तर गाडी शेडमध्ये घेतो. एखादा जास्त तापलेला लागला तर त्याची हवा आणि त्या चाकाचा ब्रेक त्याच दिवशी उघडून बघतो.